पेशवा बदलतो तेव्हा : शाहू छत्रपतींचा दरबार आणि नेमणुकीचा अधिकार

या विषयावर परवा साताऱ्यात बोललो, आज सांगलीत बोलतो आहे. साताऱ्याच्या लोकांना वाटतं हा त्यांचा विषय आहे. पण शेवटाकडे जाताना तुमच्या लक्षात येईल की तासगाव आणि मिरजेशिवाय तो पुरा होत नाही.

सुरुवात जरा लांबून करतो. अमेरिकेच्या अध्यक्षाच्या कार्यालयातला मुख्याधिकारी, ज्याला तिकडे ‘चीफ ऑफ स्टाफ’ म्हणतात, तो बदलला की आपल्याकडच्या वर्तमानपत्रांतही बातमी येते. आपल्या राष्ट्रपतींचा सचिव बदलला तर आतल्या पानावर दोन ओळी येतात. २०१७ मध्ये रामनाथ कोविंद राष्ट्रपती झाले तेव्हा संजय कोठारी त्यांचे सचिव झाले. २०२० मध्ये कोठारी केंद्रीय दक्षता आयुक्त झाले आणि कपिलदेव त्रिपाठी त्यांच्या जागी आले. किती जणांच्या लक्षात आहे? फारसं कुणाच्या नाही, आणि त्यात काही वाईटही नाही. माणूस गेला, दुसरा आला, कचेरी चालू राहिली. आपण ज्याला आधुनिक कारभार म्हणतो, त्याची ही एक खूण आहे.

पण एक बारकी गोष्ट बघा. अमेरिकेच्या राज्यघटनेत अध्यक्षानं मोठे अधिकारी कसे नेमायचे हे लिहिलेलं आहे : सिनेटच्या संमतीनं. त्यांना काढायचं कुणी, याबद्दल मात्र घटना गप्प आहे. १७८९ मध्ये, म्हणजे राज्य सुरू झालं त्याच वर्षी, तिथल्या काँग्रेसमध्ये यावर मोठा वाद झाला. पुढे १८६७ मध्ये काँग्रेसनं कायदाच केला की सिनेटला विचारल्याशिवाय अध्यक्षानं असे अधिकारी काढायचे नाहीत. अँड्र्यू जॉन्सननं आपला युद्धमंत्री स्टँटन काढला, त्यावरून त्याच्यावर महाभियोग चालला, आणि १८६८ मध्ये तो एका मतानं वाचला. म्हणजे नेमणं आणि काढणं हे दोन वेगळे अधिकार आहेत. पहिला हातात असला की दुसरा आपोआप असतो, असं आपण धरून चालतो. तसं नसतं. आणि हे समजून घ्यायला वॉशिंग्टनला जायची गरज नाही. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी या प्रश्नाची पुरी शंभर वर्षांची कथा घडलेली आहे.

शिवाजी महाराजांनी १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी अष्टप्रधानांची व्यवस्था पक्की केली. मुख्य प्रधान मोरोपंत पिंगळे. हे पद वतन नव्हतं. प्रधानाला रोख वेतन, जहागीर नाही, आणि बापाचं पद मुलाला मिळालंच पाहिजे असा हक्क नाही. तत्त्व स्वच्छ होतं. व्यवहारात मात्र मोरोपंतांनंतर त्यांचे चिरंजीव निळोपंत पेशवे झाले, आणि पुढे शाहू महाराजांनी १२ जानेवारी १७०८ ला साताऱ्यात राज्याभिषेक करून घेतला तेव्हा पेशवेपद पिंगळ्यांकडेच, बहिरोपंतांकडे गेलं. वंशपरंपरेचं खापर आपण एकट्या भट घराण्यावर फोडतो, ते मला म्हणून पटत नाही. सवय आधीच लागलेली होती.

आणखी एक गोष्ट. पेशवा हा काही दरबारातला सगळ्यांत वरचा माणूस नव्हता. राजाराम महाराजांनी जिंजीला असताना प्रल्हाद निराजींसाठी ‘प्रतिनिधी’ हे पद निर्माण केलं होतं, आणि मानानं ते पेशव्याच्या वर होतं. शिवाय चिटणीस होते. खंडो बल्लाळ चिटणिसांनी संभाजी, राजाराम आणि शाहू अशा तीन छत्रपतींची सेवा केली. चिटणीस अष्टप्रधानांत नाही, त्याच्या हाताखाली फौज नाही, पण राजाचं पत्र त्याच्या लेखणीतून जातं आणि राजाच्या कानाजवळ तो बसतो. आजच्या भाषेत बोलायचं तर राष्ट्रपतींच्या सचिवाच्या जवळ जाणारा माणूस हा चिटणीस आहे. पेशवा म्हणजे सचिव, पंतप्रधान आणि सेनानी यांचं मिश्रण, आणि त्या मिश्रणाचं प्रमाण दर पिढीत बदलत गेलं.

आता १७१३. हा पहिला मोठा बदल, आणि सगळ्यांत सुंदर.

बाळाजी विश्वनाथ हे मूळ श्रीवर्धनचे. धनाजी जाधवांकडे महसुलाचं काम बघणारे कारकून. धनाजी १७०८ मध्ये वारले, सेनापतिपद मुलाला, चंद्रसेनाला मिळालं. चंद्रसेनाचं आणि बाळाजीपंतांचं जमेना. प्रकरण इतकं हातघाईवर आलं की चंद्रसेनानं त्यांचा पाठलाग केला, आणि बाळाजीपंतांना वाईजवळच्या पांडवगडाचा आसरा घ्यावा लागला. चंद्रसेनानं शाहू महाराजांकडे मागणी केली की हा माणूस माझ्या हवाली करा. महाराजांनी नकार दिला. चंद्रसेन रुसून आधी ताराबाईंच्या पक्षाला आणि मग निजामाकडे गेला. हिशेब करा : एका कारकुनासाठी राजानं सेनापती गमावला. राज्य पुरतं उभंही राहिलेलं नाही, निम्मे सरदार ताराबाईंच्या बाजूला, आणि अशा वेळी हा निर्णय! शाहू महाराजांना आपण आळशी, शिकारीत रमणारे, दुसऱ्यावर विसंबणारे म्हणतो. पण माणूस पारखण्यात ते कुणाला हार जाणारे नव्हते.

त्याच सुमारास कोकणात कान्होजी आंग्रे ताराबाईंच्या पक्षाचे होते. शाहू महाराजांनी बहिरोपंत पिंगळ्यांना त्यांच्यावर पाठवलं. झालं उलटंच. कान्होजींनी लोहगड घेतला आणि खुद्द पेशव्यालाच कैद केलं. राज्याचा मुख्य प्रधान शत्रूच्या तुरुंगात! आता जायचं कुणी? बाळाजीपंत तयार झाले. पण कान्होजींसारख्या माणसाशी बोलणी करायची तर बोलणारा तशाच तोलाचा हवा, कारकून म्हणून जाऊन चालणार नाही. १७ नोव्हेंबर १७१३ ला पुण्याजवळ मांजरी इथं त्यांना पेशवेपदाची वस्त्रं देण्यात आली. अंबाजीपंत पुरंदरे त्यांचे मुतालिक, म्हणजे त्यांच्या गैरहजेरीत त्यांच्या नावानं काम बघणारे, झाले.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. १७१४ च्या सुरुवातीला बाळाजीपंतांनी लढाई न करता कान्होजींना शाहू महाराजांच्या बाजूला आणलं, बहिरोपंत सुटले, आंग्रे ‘सरखेल’ म्हणून साताऱ्याच्या गादीचे झाले. इथं मी थांबतो, कारण या बदलात नेमणूक आणि बडतर्फी दोन्ही एकत्र आहेत. पिंगळ्यांच्या घरातलं पद काढलं, कारण काम झालं नाही. दुसऱ्याला दिलं, कारण काम होण्यासारखं होतं. वस्त्रं रणाच्या वाटेवर, छावणीत दिली गेली. घराणं बघितलं नाही, वय बघितलं नाही, आधीचा हुद्दा बघितला नाही. शिवाजी महाराजांचं तत्त्व कागदावरून उठून चालायला लागलं ते इथं.

सात वर्षांनी काय झालं? बाळाजीपंत सय्यद बंधूंच्या बरोबर दिल्लीला जाऊन १७१९ मध्ये चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा घेऊन आले. येसूबाईंना इतक्या वर्षांच्या कैदेतून सोडवून आणलं. आणि १७२० च्या एप्रिलमध्ये सासवडला वारले. त्याच महिन्यात, १७ तारखेला, मसूरच्या मुक्कामी शाहू महाराजांनी त्यांच्या थोरल्या मुलाला, बाजीरावांना, पेशवेपद दिलं. मसूर म्हणजे आपल्या कऱ्हाड तालुक्यातलं. बाजीरावांचा जन्म ऑगस्ट १७०० चा, म्हणजे वय एकोणीस.

दरबारात नाराजी होती. श्रीपतराव प्रतिनिधी विरोधात होते. पोरसवदा मुलाला मुख्य प्रधान करायचं, हे त्यांना मान्य नव्हतं, आणि प्रामाणिकपणे सांगा, आपण तिथं असतो तर आपल्याला मान्य झालं असतं का? उत्तरेत मोहिमा काढायच्या की आधी दक्षिण सावरायची, यावरचा बाजीराव आणि प्रतिनिधी यांचा झाडाच्या खोडाचा दृष्टांत असलेला तो संवाद बखरींमुळे सगळ्यांना माहीत आहे. तो तसाच्या तसा झाला असेल असं मला वाटत नाही. बखरकार नाटककारही असतो. पण वाद खरा होता.

बाजीरावांची निवड किती अचूक होती हे वीस वर्षांनी सिद्ध केलं, त्यावर बोलायचं कारण नाही. मला दुसरंच बोलायचं आहे. निवड अचूक असणं आणि निवडीची रीत चांगली असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. १७१३ मध्ये राजानं विचारलं, हे काम कोण करील? १७२० मध्ये, बापाचं दुःख ताजं असताना, विचारलं, याच्या घरात कोण आहे? उत्तर उत्तम आलं. पण प्रश्न बदलला होता, आणि उत्तर उत्तम आल्यामुळेच ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. उत्तर वाईट आलं असतं तर लोक लगेच जागे झाले असते.

आता थोडा हिशेब, कंटाळू नका. चौथाईची वाटणी कशी होती बघा. शंभर रुपये चौथाई आली तर पंचवीस रुपये राजाचे, त्याला ‘बाबती’ म्हणत. सहा रुपये पंत सचिवांचे, ती ‘साहोत्रा’. तीन रुपये ‘नाडगौंडा’, ते राजा आपल्या मर्जीनं कुणाला तरी देई. आणि उरलेले सहासष्ट रुपये ‘मोकासा’. तो त्या त्या मुलखात फौज ठेवणाऱ्या सरदारांचा. ही व्यवस्था मोठी हुशारीची होती. राजाकडे पैसा नाही, फौज नाही. मग सरदाराला सांगायचं, तू जिंक, तू वसूल कर, तुझ्या फौजेचा खर्च त्यातून भागव, आम्हाला आमचा वाटा दे. राज्य पसरलं ते यामुळे. पण या व्यवस्थेत राजाचा वाटा जमा करणारे हातसुद्धा प्रधानांचे आणि सरदारांचेच होते. शिवाजी महाराजांचा प्रधान पगारी होता. त्याला काढलं की त्याचा पगार थांबत होता. मोकासा खाणाऱ्याला काढायचं म्हणजे त्याच्या मुलखातून त्याला उचकटून काढायचं. त्यासाठी दुसरी फौज लागते. ती राजाकडे कुठून येणार?

त्यात बाजीरावांनी शिंदे, होळकर, पवार ही नवी माणसं स्वतः उभी केली. ती छत्रपतींची होतीच, पण त्यांना वर आणणारा पेशवा होता. आणि पेशव्याचं घर साताऱ्यात नव्हतं. १७३० मध्ये पुण्यात शनिवारवाड्याचं काम सुरू झालं, १७३२ मध्ये वास्तुशांत झाली. मुख्य प्रधान राहणार पुण्याला, राजा साताऱ्याला, मध्ये सत्तर मैल आणि खंबाटकीचा घाट. साताऱ्यात पेशव्यांची माणसं राहून दरबाराची बित्तंबातमी पुण्याला कळवीत. म्हणजे आधी प्रधान राजाच्या दारात थांबायचा, आता राजाच्या दारात प्रधानाचा वकील थांबू लागला.

१७३१ चा एप्रिल महिना बघा. एक तारखेला गुजरातेत डभईला पेशव्यांची आणि सेनापती त्र्यंबकराव दाभाड्यांची लढाई झाली, त्यात दाभाडे पडले. दोघेही एकाच राजाचे नोकर! आणि त्याच महिन्यात, तेरा तारखेला, इकडे शाहू महाराज आणि कोल्हापूरचे संभाजी महाराज यांच्यात वारणेचा तह झाला. वारणा म्हणजे तुमच्या जिल्ह्याची सीमा. हा तह घडवण्यात पुढाकार होता श्रीपतराव प्रतिनिधींचा. म्हणजे साताऱ्याच्या दरबाराला अजून स्वतःचं काम होतं, आणि पेशव्याशिवाय ते होत होतं. मिरज १७३९ मध्ये मोगलांकडून घेतली, त्या मोहिमेसाठी तर शाहू महाराज स्वतः साताऱ्याबाहेर पडले होते. कृष्णाकाठ हा छत्रपतींच्या हाताच्या अंतरावरचा प्रदेश होता. त्यांच्या राज्यातला बहुतेक भाग तसा राहिला नव्हता.

२८ एप्रिल १७४० ला नर्मदेकाठी रावेरखेडीला बाजीराव गेले. आता तिसरा बदल. या वेळी खरा प्रतिस्पर्धी उभा राहिला : बारामतीचे बाबूजी नाईक. सावकार घराणं. पेशव्यांना कर्ज देणारे, आणि नात्यातलेही. बाबूजींच्या भावाला बाजीरावांची बहीण भिऊबाई दिलेली. त्यांच्या पाठीशी नागपूरकर रघूजी भोसले, राजाचे आप्त आणि स्वतः मोठे सरदार. म्हणजे पैसा आणि फौज दोन्ही. तरी शाहू महाराजांनी २५ जून १७४० ला साताऱ्यात वस्त्रं दिली ती बाजीरावांच्या मुलाला, बाळाजी बाजीरावांना, म्हणजे नानासाहेबांना. योगायोग असा की त्यांचंही वय एकोणीसच होतं.

इथं पुष्कळ लोक म्हणतात, पाहा, महाराजांनी पैशापुढे मान तुकवली नाही. ते खरं आहे. पण मला वाटतं दुसरीही बाजू होती. बाजीरावांनी कर्जाचा डोंगर मागे ठेवला होता. ते कर्ज फिटायचं ते पेशवेपद त्याच घरात राहिलं तर. चिमाजीअप्पांनी वर्षापूर्वीच वसई जिंकली होती. शिंदे-होळकर त्या घराला बांधलेले. अशा वेळी दुसऱ्या कुणाला पेशवा करणं म्हणजे सावकार, सरदार आणि नुकतीच जिंकलेली फौज, तिघांनाही एकदम दुखवणं. १७१३ मध्ये राजा मोकळा होता, कारण गमावण्यासारखं जवळ फारसं काही नव्हतं. १७४० मध्ये राज्य मोठं झालं होतं, आणि राजाची निवड अरुंद झाली होती.

आणि आता १७४७. हे प्रकरण शालेय पुस्तकांत सहसा येत नाही, पण माझ्या दृष्टीनं आजच्या व्याख्यानाचा गाभा तोच आहे.

शाहू महाराज म्हातारे झाले होते. मूलबाळ नाही. राण्यांचे दोन वाडे, दोन पक्ष. महाराजांच्या डोक्यावर स्वतःचं कर्ज. एवढ्या मोठ्या राज्याचा धनी साताऱ्यात कर्जात, आणि त्याचा प्रधान पुण्यात तोलामोलानं राहतो, हे दरबारात बोललं जात असणारच. त्या वर्षाच्या सुरुवातीला महाराजांनी नानासाहेबांना पेशवेपदावरून दूर केलं.

जरा कल्पना करा. दिल्लीपर्यंत ज्याच्या फौजा जातात, त्याला साताऱ्याहून निरोप येतो : तुमचं पद काढलं. आणि नानासाहेबांनी काय केलं? बंड केलं नाही. मला इथं त्यांचं कौतुक वाटतं, आणि थोडी भीतीही वाटते. त्यांनी हुकूम मानला आणि थांबले. त्यांना माहीत होतं की थांबणं पुरेसं आहे. पद दुसऱ्या कुणाला दिलं गेल्याचं दिसत नाही. बसवणार कुणाला? जो बसेल त्याला शिंदे-होळकरांनी मानायला हवं, सावकारांनी पैसे द्यायला हवेत, आणि सहासष्ट टक्क्यांचा तो सगळा डोलारा त्याच्या शब्दावर चालायला हवा. थोड्याच आठवड्यांत, एप्रिलमध्ये, महाराजांनी पद पुन्हा नानासाहेबांना दिलं. मध्यस्थी होती गोविंदराव चिटणिसांची, खंडो बल्लाळांच्या मुलाची. फौज नसलेला, फक्त लेखणी असलेला माणूस राजा आणि प्रधान यांच्यामध्ये उभा राहिला, आणि दोघांनाही तोंड राखून मागे येता आलं.

मी तत्त्वज्ञान शिकवत आलो, म्हणून हेगेलचं नाव घेतल्याशिवाय मला राहवत नाही. १८०७ मध्ये त्यानं धनी आणि सेवक यांच्या नात्याबद्दल लिहिलं. त्याचं म्हणणं साध्या भाषेत असं : धनी हुकूम देतो, सेवक काम करतो. पण काम करता करता जगाशी गाठ पडते ती सेवकाची. त्याला वस्तू कळतात, त्यांचा जोर कळतो. धन्याला फक्त सेवक कळतो. आणि एक दिवस असा येतो की धन्याला सेवकाशिवाय पाऊल टाकता येत नाही. हे वाचताना मला नेहमी १७४७ मधला सातारा दिसतो. फरक एवढाच की हेगेलचा सेवक आधी जिवाच्या भीतीनं वाकलेला आहे, आणि शाहू महाराजांच्या पेशव्यांनी निष्ठा सोडली नव्हती. त्यांच्या शिक्क्यात पहिलं नाव राजाचं आणि मग स्वतःचं, मुख्य प्रधान म्हणून. हा शिक्का दुसऱ्या बाजीरावापर्यंत तसाच चालला. म्हणून ‘पेशव्यांनी राज्य बळकावलं’ हे एका वाक्यातलं स्पष्टीकरण मला अपुरं वाटतं. बळकावणाऱ्याला हाकलता येतं. निष्ठेनं काम करून अपरिहार्य झालेल्या माणसाला हाकलायचं कसं?

१५ डिसेंबर १७४९ ला शाहू महाराज गेले. राज्याचा कारभार पेशव्यांनी चालवावा, वंश गादीवर चालवावा, अशा अर्थाच्या याद्या त्यांनी नानासाहेबांना दिल्या होत्या. पानगावाहून रामराजांना आणून गादीवर बसवलं. १७५० मध्ये सांगोल्यात, जिथं प्रतिनिधींचे मुतालिक यमाजी शिवदेव पेशव्यांच्या विरोधात किल्ला धरून बसले होते, सदाशिवरावभाऊंनी तो बंदोबस्त तर केलाच, शिवाय रामराजांकडून करार लिहवून घेतला. राज्याचा कारभार पेशव्यांकडे, महाराजांना खर्चाची नेमणूक.

त्याच वर्षी नोव्हेंबरात ताराबाईंनी रामराजांना साताऱ्याच्या किल्ल्यावर बोलावलं आणि सांगितलं की पेशव्यांना पदावरून काढ. रामराजांनी ते केलं नाही. ताराबाईंनी त्यांनाच किल्ल्यावर कैदेत टाकलं. पंच्याहत्तरीची ती बाई. तिच्यावर पुष्कळ टीका झाली आहे आणि त्यातली बरीच रास्त आहे. पण तिला नेमकं कळलं होतं की नेमणुकीची वस्त्रं हा देखावा आहे आणि प्रश्न काढण्याच्या अधिकाराचा आहे. तिचं चुकलं ते एवढंच की तो अधिकार तोपर्यंत साताऱ्यात उरलेलाच नव्हता. दमाजी गायकवाड तिच्या मदतीला फौज घेऊन आले. १७५१ मध्ये वेण्णेच्या काठी पेशव्यांनी त्यांनाही गाठलं आणि कैद केलं.

यापुढचं मी भराभर सांगतो. १७६१ मध्ये पानिपतानंतर नानासाहेब गेले, माधवराव वयाच्या सोळाव्या वर्षी साताऱ्याला जाऊन वस्त्रं घेऊन आले. १७७३ मध्ये नारायणरावांचा खून झाला, वस्त्रं राघोबादादांना मिळाली. पुढच्या वर्षी बारभाईंनी त्यांच्याविरुद्ध आघाडी केली, आणि साताऱ्याहून वस्त्रं पुरंदरावर आली ती सवाई माधवरावांसाठी. नव्या मुख्य प्रधानाचं वय होतं चाळीस दिवस. म्हणजे राजाचा प्रधान पाळण्यात, आणि प्रधानाचा कारभार त्याच्या फडणिसाकडे, नाना फडणिसांकडे. साताऱ्यात जे घडलं तेच आता पुण्यात घडत होतं. १७९६ या एका वर्षात साताऱ्यानं दोनदा वस्त्रं दिली, आधी चिमाजीअप्पांना, मग दुसऱ्या बाजीरावांना. पुण्यातल्या भांडणात जो वर येईल त्याला.

आता सांगली. १७९८ मध्ये साताऱ्याचे धाकटे शाहू महाराज उठले. किल्ला ताब्यात घेतला, माणसं जमवली, भाऊ चतुरसिंग बरोबर होते. छत्रपतींनी आपलं राज्य स्वतः चालवायचा हा शेवटचा खरा प्रयत्न. तो मोडायला पुण्यानं कुणाला पाठवलं? तासगावच्या परशुरामभाऊ पटवर्धनांना. गंमत अशी की भाऊ स्वतः त्या वेळी पुण्याच्या राजकारणात पडून कैदेत होते. या कामासाठी त्यांना मोकळं करण्यात आलं. त्यांनी सातारा घेतला. दुसऱ्याच वर्षी कोल्हापूरकरांशी लढताना पट्टणकुडीला ते पडले.

आणि पटवर्धनांच्या घरात तरी काय वेगळं होतं? मिरजेला चिंतामणराव लहान, कारभार चुलते गंगाधररावांकडे. मुलगा वयात आला, चुलत्यांच्या हातून कारभार सुटेना. अखेर वाटणी झाली. चिंतामणराव देव घेऊन मिरजेहून निघाले आणि १८०१ च्या सुमारास कृष्णेकाठच्या या गावाला त्यांनी राजधानी केलं. आपण आज ज्या गावात बसलो आहोत, ते संस्थान सांभाळणाऱ्यानं सोडायला नकार दिला म्हणून जन्माला आलं. छत्रपतींना जे जमलं नाही ते चिंतामणरावांना जमलं, कारण मिरज सोडून जायला त्यांना जागा होती. राजाला राजधानी सोडून कुठं जाणार?

जाता जाता प्रतिनिधींबद्दल एक सांगतो. पेशव्यांशी शंभर वर्षं स्पर्धा करून हरलेलं हे घराणं औंधला टिकलं, आणि त्या घराण्यातल्या भवानराव पंतांनी १९३९ मध्ये, कुणी लढाई न करता, राज्यघटना करून आपला अधिकार प्रजेला दिला. औंधचे आटपाडी आणि कुंडल हे भाग आज तुमच्या जिल्ह्यात आहेत. त्यावर स्वतंत्र व्याख्यान व्हायला हवं.

१८१८ च्या फेब्रुवारीत अष्टीच्या लढाईत प्रतापसिंह महाराज इंग्रजांच्या हाती आले. इंग्रजांनी त्यांना साताऱ्याच्या गादीवर बसवलं. आता पेशवा नाही. त्याच्या जागी दरबाराजवळ बसला कॅप्टन जेम्स ग्रँट डफ. १८१९ चा तह झाला, आणि १८२२ मध्ये कारभार महाराजांच्या हाती सोपवल्याचं जाहीर झालं. प्रतापसिंह कष्टाळू होते, कागद स्वतः बघत, शाळा काढल्या, साताऱ्याला पाणी आणलं. शाहू महाराजांनंतर प्रथमच छत्रपती स्वतःच्या कचेरीत बसून काम करत होते. पण रेसिडेंट नेमायचा कुणी आणि काढायचा कुणी, हे मुंबईत आणि लंडनमध्ये ठरत होतं. शेवटी जे झालं त्यात सगळा क्रमच उलटला. ५ सप्टेंबर १८३९ ला कंपनी सरकारनं राजालाच पदावरून काढलं आणि काशीला पाठवलं.

महाराजांचे वकील रंगो बापूजी त्याच सुमारास लंडनला गेले. प्रतापसिंह १८४७ मध्ये काशीत वारले, तरी रंगो बापूजी तिथंच थांबून कंपनीच्या संचालकांपुढे, पार्लमेंटच्या सभासदांपुढे साताऱ्याची बाजू मांडत राहिले. मध्येच, १८४८ मध्ये, संस्थानही खालसा झालं. ते परत आले १८५३ च्या अखेरीला, चौदा वर्षांनी. तोपर्यंत त्यांना नेमणारं कुणी उरलं नव्हतं, आणि काढणारंही.

वेळ झाली आहे. प्रश्न असतील तर घेऊ.